इंजिन तापेपर्यंत

उजाडता उजाडता वीज गेली आणि शेडमधले पिल्लांवरचे सगळे दिवे विझले. कालच आणलेली तीनशे पिल्लं, तीही घरात सगळे नको म्हणत असताना माझ्या हट्टापायी. बाहेर गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर. अशा थंडीत एवढेसे जीव ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सासूबाई शेडकडे धावल्या, मी ट्रॅक्टरकडे. आमचा जनरेटर चालायचा ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टर सासऱ्यांच्या मर्जीवर.

थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी इंजिनावर जाड कांबळं घालायची त्यांची शिस्त होती. काल रात्री ते कांबळं सासूबाईंनी काढून नेलं आणि पिल्लांना वारा लागू नये म्हणून शेडच्या दाराला टांगलं. माया करावी तर अशी! माझ्या मागोमाग आलेल्या सासऱ्यांनी आता उघड्या इंजिनाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ब्रही काढला नाही. मला मात्र दोघांचाही राग आला, एकीचा कांबळं नेल्याबद्दल आणि दुसऱ्याचा गप्प राहिल्याबद्दल.

मी सीटवर चढून चावी फिरवणार तोच सासऱ्यांनी माझा हात धरला. आधी इंजिनाचा हीटर लाव म्हणाले, आतून जरा तापू दे. मी दातओठ खात थांबले. मग स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि पुन्हा ढिम्म. पुन्हा मारला तर घरघर आणखीच मंद. बॅटरी बसत चालली होती.

त्यांनी डिझेलच्या फिल्टरला हात लावून पाहिला. गारठ्यानं आतलं डिझेल दाट झालं असणार, म्हणाले. घरातून गरम पाण्याची किटली आणली, फिल्टरला फडकं गुंडाळलं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी बारीक धार धरली. घाई म्हणून या माणसाला ठाऊकच नाही. शेडमधली चिवचिव मघापेक्षा कमी झाल्यासारखी वाटत होती.

तिसऱ्या वेळी इंजिन कसंबसं पेटलं. पांढऱ्या धुराचा लोट निघाला, सगळा ट्रॅक्टर थरथरू लागला. जनरेटर जोडायच्या दांड्याकडे माझा हात गेला, तो त्यांनी बाजूला सारला.

"थंड इंजिनावर एवढा भार टाकलास तर बंद पडेल. पुन्हा सुरू करायला बॅटरीत जीव उरला नाही."

"आणि पिल्लांत उरलाय का, बाबा?"

त्यांनी माझा हात धरून इंजिनाच्या अंगावर ठेवला. लोखंड बर्फासारखं गार होतं.

"हे चांगलं गरम लागलं आणि धूर निवळला, की मगच दांडा ओढ. त्याआधी मी सांगितलं तरी ओढू नकोस."

एवढं बोलून ते शेडमध्ये गेले. मी एकटी उरले. आतापर्यंत निदान रागवायला कुणीतरी होतं. मी हात लावून बघायची, गार. धुराकडे बघायची, पांढराच. शेजारच्या घरातलं कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई ट्रॅक्टरला ताप आलाय का बघतेय. आतून सासूबाईंचा आवाज आला की कोपऱ्यात ढीग झालाय, दोन हातांनी किती वेगळी करायची. मी पुन्हा हात लावला. कोमट, फक्त कोमट.

तेवढ्यात शेडच्या दारात सासरे दिसले. स्वेटरच्या ओच्यात पिल्लं घेतलेली, चेहरा ओळखू येईना असा.

"ओढ!" ते ओरडले. "मरताहेत गं, ओढ लवकर!"

मी दांडा धरला. सगळं अंग सांगत होतं की ओढ. धूर अजून निवळला नव्हता. मी दांडा सोडला आणि नुसतीच मान हलवली. ते पुन्हा ओरडले, माझ्यावर कधी ओरडले नव्हते तसे. मी त्यांच्याकडे बघणं बंद केलं आणि तळहात इंजिनावर दाबून धरला. माझ्याइतकी दुष्ट बाई जगात नसेल असं त्या वेळी मला वाटलं.

हाताला चटका बसला तेव्हा धूर पातळ झाला होता. दांडा ओढला. इंजिन एकदम दबलं, आवाज खोल गेला, बंद पडायच्या बेतात आलं. मग दम धरून त्यानं पुन्हा वेग घेतला. शेडमध्ये दिवे लागले.

मी आत गेले तेव्हा सासूबाई दिव्यांखाली पिल्लं पसरत होत्या. चिवचिव पुन्हा वाढत होती. सासरे माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बसले होते. मी पुढे होऊन पाहिलं. न हलणारी पिल्लं त्यांनी गोणपाटावर एका बाजूला ठेवली होती आणि मला दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे बसले होते.

"मी थांबले तेवढ्यात गेली का ही?" मी विचारलं.

"काही आधी, काही तेव्हा," ते म्हणाले. खोटं बोलता आलं असतं त्यांना. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मी असतो तिथं, तर ओढला असता. सगळी गेली असती."

मला रडू फुटलं. मी तिथंच त्यांच्या शेजारी बसले.