सहाशे किलो हवा

आमच्या गल्लीत मला 'फॉरेन' म्हणतात. हे नाव मी स्वतःच्या हाताने कमावलंय. परदेशातल्या एका दुकानदार बाईंची पन्नास लॅम्पशेडची ऑर्डर आली आणि त्याच दुपारी मी रंगाऱ्याला बोलावून 'वेतकाम व दुरुस्ती' या पाटीवर 'निर्यातदार' लिहायला लावलं. जागा पुरेना, म्हणून 'दुरुस्ती' खोडली. माल अजून विणायचा होता. वेत भिजायलाही घातला नव्हता.

विणणार होत्या वहिनी. मी खुर्च्या बांधतो, पण तो भोपळ्यासारखा गोल, जाळीदार शेड आमच्याकडे त्यांनाच जमतो. त्या कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंग सांभाळायच्या, बारा वर्षांची नोकरी. मी म्हणालो, "वहिनी, सोडा ते. आता वर्षभर ऑर्डरी."

"भावोजी, सगळा हिशेब केलात ना?"

"केला म्हणजे काय."

त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा छाती फुगवली. त्यांनी राजीनामा दिला. फोरमन भला माणूस, म्हणाला, शनिवारपर्यंत जागा धरून ठेवतो, बघा विचार करून.

आता माझा हिशेब ऐका. ऑर्डरीआधी वाण्याच्या तराजूवर नमुन्याचा एक शेड ठेवला. चारशे ग्रॅम. पन्नासांचे वीस किलो. विमानाने पाठवायला किलोमागे काय पडतं ते फोनवर विचारलं, विसाने गुणलं, दरात घातलं. झालं. शाळेत गणितात मी पहिला यायचो. वर्गात किती पोरं होती ते मी कधी सांगत नाही.

दरपत्रकाच्या फॉर्मवर एक रकाना होता : माल कुठपर्यंत पोचवणार. खाली तीन-तीन अक्षरांचे अकरा पर्याय. असली भाषा जे लोक तयार करतात, त्यांनी एकदा ओल्या वेताची मोळी खांद्यावर घेऊन दोन जिने चढावेत, मग अक्षरं वाचवावीत. तर शेवटच्या पर्यायाचा अर्थ मी मोबाइलला विचारला. मोबाइल म्हणाला : घरपोच.

घरपोच! वीस वर्षं मी सायकलवर खुर्च्या बांधून घरपोच देतोय, फुकट. तो आमच्या दुकानाचा मान आहे. लावली खूण आणि फॉर्म बाईंना पाठवला. त्यावरच ऑर्डर आली.

मंगळवारी नमुन्याचा शेड आणि त्या फॉर्मची प्रत घेऊन मालाची कागदपत्रं करणाऱ्या एजंटाकडे गेलो. त्याच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि छतापर्यंत फायली. त्याने शेड हातातही घेतला नाही. खोक्यात ठेवायला लावला आणि खिशातून मोजपट्टी काढली.

"चारशे ग्रॅम आहे," मी सांगितलं.

"असेल." त्याने लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली. "बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस सेंटीमीटर. गुणा, सहा हजारांनी भागा. बारा किलो आणि वर थोडं."

"अहो, तराजू..."

"विमानात तराजू कमी, जागा जास्त बघतात. दोन्हींतलं जे मोठं, त्याचं भाडं. तुमचे पन्नास शेड म्हणजे सहाशे किलो. पैकी वीस किलो वेत. बाकी हवा. इकडची हवा तिकडे पाठवताय, निर्यातदार साहेब."

मी खुर्चीवर बसलो. ती प्लास्टिकची होती, त्याचाही राग आला.

मग त्याने फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर रिपोर्टकडे बघून पेशंटच्या नातेवाइकांना आत बोलावतो. "हे घरपोच तुम्ही लिहिलंत?"

"मी."

"शुद्धीत?"

त्याने समजावलं. घरपोच म्हणजे आपल्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत सगळं विकणाऱ्याच्या डोक्यावर. इथली कागदपत्रं, भाडं, विमा, तिथलं सीमाशुल्क, तिथला कर, तिथला टेम्पो. "आणि त्या देशात सीमाशुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर नसतं. मालात भाडं आणि विमा मिळवतात आणि त्या बेरजेवर लावतात."

"म्हणजे मी हवेचं भाडं भरणार, आणि त्या भाड्यावर परत शुल्क."

"आता आलं लक्षात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला."

कोंबडी तरी कुठे होती, नुसतं पीस होतं.

घरी येऊन मी आधी जगाला शिव्या घातल्या. विमानांना, सहा हजारांना, तीन अक्षरांना. वहिनी वेत सोलत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हिशेब केला नव्हता."

"केला होता. चुकला."

"फोरमनला काय सांगू?"

मी पाटीकडे बघत बसलो. रंग चांगला बसला होता, मेला.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि विणलेला शेड दिव्याखाली फिरवून फिरवून बघायला लागल्या. "कारखान्यात टोप्या जायच्या बाहेर. आम्ही एकेक टोपी खोक्यात ठेवली असती, तर फोरमनने आम्हालाच खोक्यात भरलं असतं. एकात एक घालायच्या. वीस टोप्यांची उंची हाताएवढी."

"हा गोल आहे, वहिनी. टोपी नाही."

"अर्धा केला की टोपीच."

त्यांनी रात्रीतून दोन अर्धे विणले, काठाला वळणाची कड, आणि जोडायला वेताचीच नाडी. बुधवारी तेच एजंटाकडे नेले. त्याने एकात एक ठेवून मोजपट्टी लावली. दहा शेडचं एक खोकं, अशी पाच खोकी. सहाशेचे एकशेवीस किलोही होईनात. माझ्या विसापेक्षा जास्तच, पण तेवढं भाडं नफ्यातून निघत होतं. तो म्हणाला, "ही अक्कल कुणाची?"

"घरचीच," मी म्हणालो. आपली म्हणायला जीभ वळवळली होती, खोटं कशाला बोलू.

राहिलं घरपोच. मी बाईंना पत्र लिहायला बसलो. जागतिक बाजारातील दरांची अस्थिरता, तांत्रिक कारणास्तव, असं दीड पान झालं. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कशाला पाहिजे?"

"चूक कुणी केली मग, बाजाराने?"

शेवटी पाच ओळी उरल्या. तो शब्द मला कळला नव्हता. आमच्याकडे घरपोच म्हणजे सायकल. भाडं मी भरतो, पण तुमच्याकडचं सीमाशुल्क आणि कर मला झेपणार नाही. शेड दोन अर्ध्यांत येईल. नाही म्हणालात तरी राग नाही. पाठवताना माझे कान इतके तापले की त्यांवर वेत वाकवता आला असता.

शुक्रवारी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, शुल्क मी नेहमी माझं मीच भरते. तुमचा फॉर्म पाहून वाटलं, फार मोठी कंपनी दिसते. अर्धे चालतील, माझ्या दुकानातही जागा कमीच आहे. फक्त जोडायचं कसं ते चित्र काढून पाठवा.

वहिनींनी पत्र दोनदा वाचून घेतलं. मग फोरमनला फोन लावला. "जागा द्या दुसऱ्या कुणाला. हो, पक्कं. नाही, या वेळी हिशेब मी बघितलाय."

चित्र मी काढलं. त्यांनी बघितलं, फाडलं आणि स्वतः काढलं.

शनिवारी मी रंगाऱ्याला बोलावलं, 'निर्यातदार' पुसून टाक म्हणून. वहिनी आतून म्हणाल्या, "राहू दे ते. पण खाली 'दुरुस्ती' परत लिहा, ठळक."

"आता दुरुस्ती कोण आणणार आपल्याकडे?"

"आणायला कशाला लागतंय," त्या म्हणाल्या. "घरातच आहे की."