तळाचा थर

अण्णा गेल्यानंतरचा हा पहिला तोडा. महाळुंगे पडवळ गावच्या रानात बायका टोमॅटो तोडत होत्या आणि हर्षाली बांधावर भाड्याची कोरी कॅरेटं मांडत होती. घरची कॅरेटं पडवीत कुलपाआड होती. त्यांतल्या प्रत्येकावर अण्णांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलेलं होतं : कुंडलिक पडवळ.

"घरात ढीग पडलाय अन् भाड्यानं आणती," सरूबाई म्हणाल्या. "लोकं हसत्याल."

"हसू दे, आई. बाजारात गेलेलं कॅरेट परत आपलंच येतं का?"

ते खरं होतं. भरलेली कॅरेटं व्यापाऱ्याला द्यायची आणि बदल्यात तेवढीच मोकळी आणायची. कुणाची कुणाकडे जातील याचा नेम नसे. दर हंगामात अण्णांची थोडी बाहेरच राहून जात. मग ते नव्यांवर नाव घालत. आता नाव घालणारा हात नव्हता. कुलूप का लावलं, ते हर्षालीने कुणाला सांगितलं नाही.

नारायणगावच्या बाजारात व्यापारी सुवालालशेठ कोऱ्या कॅरेटांपाशी थांबले आणि त्यांनी हमालाला खूण केली. जानकूने त्यातलं एक ताडपत्रीवर उपडं केलं. अनोळखी माल सगळे असाच बघतात. वरचे टोमॅटो लालबुंद, तळाचे बारीक आणि हिरवट. बायकांनी हाताला येईल तसं भरलं होतं आणि हर्षालीने पाहिलं नव्हतं.

"कुणाचा माल, ताई?"

"कुंडलिक पडवळांचा. मी त्यांची मुलगी."

शेठ कसनुसे झाले. "मग कोऱ्यात कशाला आणला? कुंडलिकभाऊंचं कॅरेट मी कधी उपडं केलं नाही. सुरतेचा व्यापारी तर फोनवर लाल नाववालाच मागतो. मराठी येत नाही त्याला, अक्षरांचं वळण ओळखतो. आज मात्र दर मालाप्रमाणे. राग मानू नका."

तिने राग मानला नाही. परतताना टेम्पोत सुरतेचा तो व्यापारी तिच्या डोक्यातून जाईना. दूरदेशीच्या व्यापाराबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं; आपलं घर त्यात कुठे बसतं, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. साऱ्या महाळुंग्याने तिन्ही त्रिकाळ टोमॅटोच खाल्ले असते तरी शिवारातला माल संपला नसता. विहिरीवरची मोटर, घराचा स्लॅब, तिचं कॉलेज, हे सगळं गावाने कधी न पाहिलेल्या स्वयंपाकघरांतून आलं होतं. बाहेरची मागणी आटली त्या वर्षी हाच माल शेळ्यांपुढे ओतावा लागला होता. अण्णांनी घाम गाळला, पण कुठल्याशा परक्या माणसाने तळ न बघता त्यांचा माल घेतला, तोही वर्षानुवर्षं. त्या माणसाचे आभार कुणी मानले होते?

पुढच्या तोड्याला तिने कुलूप काढलं.

"आई, अण्णा तळाला कसले घालायचे?"

"वर घालायचं त्येच. मी एकदा चांगलं चांगलं वर लावलं, तर लई खेकसलं माझ्यावर. म्हणालं, सुरतेला ह्ये इकत घेणाऱ्या बाईनं तुझं काय घोडं मारलंय?"

हर्षाली हसली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग पदर खोचून दोघी भरायला बसल्या. बारीक, हिरवे, तडकलेले सगळे बाजूला काढले. ढीग बराच मोठा झाला.

बाजारात शेठनी लाल अक्षरांवर हात ठेवला. जानकू उपडं करायला वाकला, तसं त्यांनी त्याला अडवलं. "राहू दे. गाडीत लाव."

"नाही शेठ, एक उपडं करा," हर्षाली म्हणाली. "नाव त्यांचं आहे, पण भरलंय मी."

शेठनी तिच्याकडे पाहिलं आणि जानकूला खूण केली. ताडपत्रीवर टोमॅटो घरंगळले. शेठनी वाकून तळाचे दोन उचलले, अंगठ्याने दाबून पाहिले आणि पुन्हा कॅरेटात ठेवले.

"लावा गाडीत," ते म्हणाले. "आणि ताई, पुढच्या खेपेला मला हे करायला लावू नका."

लाल अक्षरं एकावर एक चढली. त्यातली काही परत येणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली, हात जोडावेत असं वाटूनही न जोडता. बदल्यात मिळालेल्या मोकळ्या कॅरेटांवर खोडद गावच्या कुणाचं नाव होतं, आणखी कुणाकुणाचं होतं, बरीचशी कोरीच होती. वाटेत तिने लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला.

संध्याकाळी अंगणात ती कोऱ्या कॅरेटावर ककाराचं वळण गिरवत बसली. सरूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"जरा नीट काढ गं," त्या म्हणाल्या. "सुरतेला जायाचंय त्याला."