शेवट आधी सांगायचा

सुई आत जाताना हाताकडे बघायचं नाही, सध्या काय वाचताय ते सांगायचं, हा रिवाज डायलिसिसच्या त्या खोलीत ओर्विल निएमीने पाडला होता. मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला लोखंडाच्या खाणींचं गाव. खनिजाची आगगाडी त्याने जन्मभर हाकली आणि मूत्रपिंडं थकली तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसला. त्याच्या शेजारी मर्ना, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. दाराजवळ डेसा. डेसाचं बाळंतपण जिवावर बेतलं होतं. मुलगी, जून, जन्मली, वाचली, पण आईची मूत्रपिंडं गेली ती गेलीच. जून आता भिंत धरून चालायला लागली होती. आठवड्यातल्या तीन सकाळी तिघांचं रक्त यंत्रातून धुऊन निघायचं. एक हात नळ्यांना बांधलेला, दुसरा पानं उलटायला मोकळा.

दुसरा रिवाज मर्नाचा. बाहेरच्या जगात पुस्तकाचा शेवट सांगून टाकला की माणसं चिडतात. इथे शेवट आधी सांगायचा. चौथ्या खुर्चीतला लाइल एका खुनाच्या गोष्टीत अर्ध्यावर असताना गेला, खुनी कोण ते न कळताच. मर्नाच्या ते फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून जो नवं पुस्तक आणेल त्याने शेवटचं पान आधी वाचायचं आणि सगळ्यांना सांगायचं. मग गोष्ट सावकाश, जमेल तेवढी. मर्नाच्या प्रेमकथांचा शेवट ऐकायची गरजच नाही, तो मुखपृष्ठावर मिठी मारून उभा असतो, असं ओर्विल म्हणायचा. तुझ्या युद्धाच्या पुस्तकांत तरी काय, शेवटी सगळे मरतात, हे मर्नाचं ठरलेलं उत्तर.

पहिल्या दिवशी डेसा रडत होती. अंगातून दूध गळत होतं, बाळ घरी सासूपाशी. तेव्हा ह्याच म्हाताऱ्याने, तिच्याकडे न बघता, विचारलं होतं, "पोरी, वाचतेस काय सध्या?" काहीच नाही, म्हणाली ती. त्याने स्वतःच्या पुस्तकातला एक सबंध धडा तिला वाचून दाखवला. पाणबुडीवरचा होता, तिला ओ का ठो कळला नाही. पण सुई जाऊन बसली होती.

म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, बाहेर बर्फ भुरभुरत असताना, तो जे बोलला ते तिला घरी गेल्यावरही ऐकू येत राहिलं. "गाडी यार्डात लावायची वेळ झाली," इतकंच म्हणाला. हेल्मी, त्याची बायको, वसंतात गेली होती. घरी ताट एकच. यार्डात लावणं म्हणजे काय, हे खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यायचं बंद करायचं. तशी मुभा असते. मग थोडेच दिवस.

डेसाला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं हे खरं, पण त्याखाली दुसरी भीती होती. जून झोपली की तिच्या उशाशी बसून तिच्या मनात यायचं, त्याला सोडता येतं तर मलाही येईल. आणि मग ती जूनची मूठ घट्ट धरायची.

तिने घरातलं सगळ्यात लाडकं पुस्तक काढलं. मोठ्या सरोवरावर दीपगृह सांभाळणाऱ्या दोन बहिणी, एक आजारी, दुसरी पाणी गोठायच्या आत औषधासाठी होडी काढते. पुढच्या सकाळी तिने ते ओर्विलच्या मांडीवर ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे शेवट सांगायला तोंड उघडलं.

"थांब," तो म्हणाला. "शेवट सांगू नकोस."

मर्नाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

डेसाला हसू आवरेना. ज्याला शेवट आधी नको, त्याला तिथवर पोचायचं आहे, दुसरा अर्थ काय असणार? निघताना गाड्यांपाशी तिने मर्नाला तसं बोलूनही दाखवलं. मर्ना काचेवरचा बर्फ खरवडत राहिली. मग म्हणाली, "तू जूनकडे जा बाई. थंडी वाढतेय."

पुढचे काही दिवस ओर्विल सुई जाताना त्या बहिणींबद्दल सांगायचा. धाकटी फार हट्टी आहे, तुझ्यासारखी. दिव्याच्या वातीचं लिहिलंय ते बरोबर आहे, आमच्या कंदिलांचंही तसंच असायचं. होडी निघाली एकदाची. डेसा घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, होडी निघाली. तो बिचारा हो म्हणायचा.

मग एका सोमवारी खिडकीजवळची खुर्ची रिकामी. तिच्यावर स्वच्छ चादर. बुधवारीही तीच चादर, त्याच्या पुढच्या बुधवारीही.

नर्सांना सांगायची परवानगी नसते. पण कोरिनने डेसाच्या हाताला चिकटपट्टी लावता लावता ते पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं, आणि खालच्या आवाजात म्हणाली की त्याचा पुतण्या देऊन गेला. काल पुरलं, हेल्मीशेजारी. डॉक्टरांशी त्याचं आधीच ठरलं होतं, सणाच्याही आधी.

"म्हणजे मी पुस्तक दिलं तेव्हा?"

कोरिनने मान डोलावली. ठरलं होतं.

खूण होती होडीच्या पानावर. आगगाडीचं जुनं तिकीट. अर्ध्याच्याही अलीकडे. डेसाने पान उघडं ठेवलं आणि सुईकडे सरळ बघत राहिली. काय वाचतेयस, असं त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही. पुढच्याच आठवड्यात तिच्यावर रँडल नावाचा मनुष्य येऊन बसला. लाकूड वाहणारा ट्रक चालवायचा, पन्नाशीचा असेल. हातांचे पंजे फावड्याएवढे. सुई दिसताच त्याचा चेहरा पांढरा पडला. मर्नाने डेसाकडे पाहिलं. आता तुझी पाळी, असं ते बघणं होतं.

"हाताकडे बघू नका," डेसा म्हणाली. "काय वाचता सध्या?"

काही नाही, तो म्हणाला. शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नाही.

तिने पिशवीतून दीपगृहाचं पुस्तक काढलं. कोरिनने ते त्याच्याकडे पोचवलं. डेसा बोलत राहिली. दोन बहिणी, एकीचा ताप, सरोवर गोठायला आलेलं, धाकटीचा हट्ट, होडी. तिकिटापाशी ती थांबली. सुई केव्हाच आत गेली होती.

"आता शेवट सांग," मर्ना म्हणाली. "इथे शेवट आधी सांगतात, साहेब. सवय होईल तुम्हाला."

रँडलने पुस्तकावर तो मोठा पंजा ठेवला. "नको," म्हणाला. "शेवट सांगू नका."

मर्नाने डोळे मिटले. डेसा मात्र वाकून, नळी ताणली जाईपर्यंत वाकून, त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली. तो खिडकीबाहेर बघत होता. ह्या माणसाच्या घरी कोण आहे, ताटं किती मांडतात, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. ते विचारायला तिने तोंड उघडलं.