आईच्या आवाजात

भिंगरीची आत्या प्रसूतिगृहात नर्स होती. तिच्या नुसत्या ओरडण्याने अडलेल्या बायका बाळंत होतात, असं तिथले डॉक्टर म्हणत. दवाखान्याच्या ओल्या जिन्यावरून ती घसरली, मांडीपर्यंत प्लास्टर चढलं आणि धाकट्या भावाच्या घरी येऊन पडायची वेळ आली. पाय बांधला गेला तसं तोंड दुप्पट चालायला लागलं. चहा पांचट, उशी कडक, पंखा कुरकुरतो. भिंगरीची आई बालवाडीत शिकवायची. सकाळभर वर्गभर पोरं सांभाळायची आणि घरी आलं की हे आणखी एक.

शेवटी तिने वाचनालयातून एक जाडजूड रहस्यकथा आणली.

"ताई, मी वाचते, तुम्ही ऐका. तेवढा वेळ तरी माझ्या डोक्याला शांतता."

"प्रेमाबिमाची नको हं," आत्या म्हणाली. "मला झोप येते."

प्रेमाची नव्हतीच. एका लहानशा गावातून मुली नाहीशा होत असतात. शाळा सुटली की एक माणूस गाडी घेऊन येतो, काच खाली करतो आणि मऊ आवाजात म्हणतो, "चल बाळ, तुझ्या आईनेच पाठवलंय मला."

आई वाचायची झकास. बालवाडीत वाघ, कोल्हा, म्हातारी, सगळ्यांचे आवाज काढायची सवय. त्या माणसाचा आवाज तिने असा काही काढला की आत्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून जेवण उरकलं की आत्याच विचारू लागली, "काय गं, मेली का ती?"

भिंगरी तेव्हा शेजारच्या खोलीत गृहपाठ करत असायची. मधलं दार लोटलेलं असायचं. कडी कोणी लावत नसे.

एका दुपारी गिरणीचं प्रकरण आलं. पळवून आणलेली एक मुलगी निसटते आणि बंद पडलेल्या गिरणीत लपते. तो माणूस अंधारात तिला शोधत फिरतो आणि चक्क तिच्या आईच्या आवाजात हाका मारतो. आता हा आवाज कसा काढायचा? आईने क्षणभर विचार केला आणि स्वतःच्याच आवाजात, रोज भिंगरीला मारायची तशीच हाक मारली. "ये गं माझी बाय. मी आलेय ना. घाबरू नको, बाहेर ये." आणि मग खालच्या सुरात एक हसू.

"बंद कर," आत्या म्हणाली. "माझ्या अंगावर काटा आला."

त्या संध्याकाळी भिंगरी नीट जेवली नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग आई कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॅनवाल्या काकांचा फोन आला. भिंगरीला चित्रकलेच्या वर्गाहून तेच घरी आणायचे.

"बाई, मी तापाने फणफणलोय. आज माझा धाकटा भाऊ येईल. चालेल ना?"

"चालेल की," आई म्हणाली. वर्गावर निरोप द्यायचं मनात होतं, पण तेवढ्यात आत्याने पाणी मागितलं आणि ते राहूनच गेलं.

संध्याकाळी भिंगरी घरी आली नाही. आला तो फोन, काकांच्या भावाचा.

"बाई, पोरगी पळाली. मी तिला गाडीत बस म्हटलं, तर दप्तर टाकून पळाली. दुकानांच्या गल्लीत शिरली. मी मागे गेलो तर आणखीच जोरात पळाली. बाई, इथं लोक जमलेत."

आई घरातल्या चपलांवरच धावत सुटली.

गल्लीच्या तोंडाशी व्हॅन उभी होती आणि तिच्याभोवती माणसांचं कडं. गाडीची किल्ली कोणीतरी काढून घेतली होती. आत एक पोरसवदा माणूस बसला होता, गालावर बोटं उठलेली. "हाच तो," कोणीतरी म्हणालं. "पोरीच्या मागे धावताना आम्ही बघितलाय." आईने त्याच्याकडे पाहिलं. ह्याला ती ओळखत नव्हती. फोनवर काकाच होते, हे तरी कशावरून?

"काय म्हणालास तिला?" तिने विचारलं.

"काही नाही हो. म्हटलं, चल बाळ, तुझ्या आईनेच पाठवलंय मला."

आईने व्हॅनचं दार धरलं.

मग शोधाशोध सुरू झाली. पोलिसांना कळवलं. भिंगरीचे बाबा कारखान्यातून निघाले, पण त्यांना पोचायला वेळ होता. अंधारून यायला लागलं. गल्लीतली निम्मी दुकानं बंद झाली होती, उरलेल्यांत दुकानदार स्वतः आत नेऊन दाखवत होते. गाळ्यांच्या मागे उघडं गटार होतं. तिथे एक माणूस काठीने पाणी ढवळत होता, आणि आईला तिकडे बघवेना. ती एकेका शटरपाशी वाकून हाका मारत होती. "भिंगरी! ये गं माझी बाय. मी आलेय ना. घाबरू नको, बाहेर ये." आवाज जितका गोड करता येईल तितका केला. कुठूनच काही नाही.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. "सापडली?"

"नाही हो ताई. घसा फुटेस्तोवर हाका मारतेय."

"काय म्हणून हाका मारतेयस?"

आईने सांगितलं. पलीकडे आत्या एकदम गप्प झाली. आत्या गप्प झाली, याचीच आईला धडकी भरली.

"अगं," आत्या हळूच म्हणाली, "हे तर तू काल वाचलंस. गिरणीतलं. पोरीने ऐकलं असणार. आता तोंड मिटून बस. तू हाक मारलीस की ती आणखी आत सरकेल. मला तिथे घेऊन चल."

"आणणार कोण तुम्हाला? प्लास्टरमध्ये पाय…"

"ती व्हॅन आहे ना? मला आडवं टाका तिच्यात."

आई व्हॅनकडे वळली. लोक किल्ली द्यायला तयार नव्हते. "बाई, हा पळून जाईल." आईने त्या माणसाकडे बघितलं. तोही तिच्याकडेच बघत होता, डोळे मोठे करून. खरा कोण नि खोटा कोण, तिला काही कळत नव्हतं. तरी तिने हात पुढे केला, किल्ली घेतली आणि त्याच्या हातात ठेवली.

"जा. माझ्या नणंदेला घेऊन ये."

गाडी वळणाआड गेली तेव्हा तिला वाटलं, आपण आपल्याच हाताने त्याला सोडून दिलं. ती तोंडावर पदर दाबून उभी राहिली. आपल्या तोंडून चुकून हाक निघेल, याची तिला भीती वाटत होती.

पण गाडी आली. मागचं दार उघडलं, आधी प्लास्टरचा पाय बाहेर आला आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज.

"भिंगरे! कुठं तडमडलीस गं? माझा पाय ठणकतोय, चहा झालेला नाही, आणि तू लपाछपी खेळतेस होय? बाहेर नाही आलीस तर तंगडी धरून ओढीन! ऐकू येतंय का, भवाने?"

मग बंद लाँड्रीच्या शटरवर आतून ठक्‌ असं वाजलं.

"आत्या?"

लाँड्रीवालीला बोलावून आणेपर्यंत आत्या एकसारखी शिव्या घालत राहिली, कारण ती थांबली की आतून रडू यायचं. लाँड्रीवालीला काहीच पत्ता नव्हता. घरपोच कपडे द्यायचे म्हणून तिने लवकर शटर ओढलं होतं. पोरगी टांगलेल्या कोटांमागे उभी होती, दिवेलागणीच्या आधीपासून, अंधारात, तोंडात स्वतःची मूठ कोंबून. आई अगदी या शटरपाशी येऊन हाका मारून गेली होती.

आई पुढे धावली. भिंगरी मागे सरली आणि आईला वळसा घालून आत्याच्या गळ्यात पडली.

त्या माणसाची आईने हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "पोरगी मिळाली, बास." पण उद्यापासून येणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

पुस्तक बाबांनीच परत करून टाकलं. शेवट काय होता ते कोणीच वाचलं नाही.

भिंगरी आता आत्याजवळ झोपते. परवा संध्याकाळी तिने आतून कडी लावली होती. आई चहा आणि बिस्किटं घेऊन दाराशी गेली.

"भिंगरी, मी आहे गं. दार उघड."

आतली हालचाल थांबली. मग दाराला अगदी चिकटून, बारीक आवाजात, ती म्हणाली, "आधी आत्याला बोलायला सांग."

आईने ट्रे खाली ठेवला. आत्या स्वयंपाकघरात कुबड्या घेऊन चालायचा सराव करत होती. आई तिला बोलवायला गेली, न बोलता.