फळीवरचा फोन

"जरा डावीकडे सरक," तो स्टुलावरून म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली. चोरांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात बायकोने डावीकडे सरकायचं कारणच काय?

सकाळपासून तो तिला पटवत होता की हल्ली आजूबाजूला चोऱ्या फार वाढल्यात, आपलं दार शेजारणीला येता यावं म्हणून नुसतं लोटलेलं असतं, तेव्हा काहीतरी सोय हवी. लेकीने नवा फोन दिल्यापासून जुना ड्रॉवरमध्ये पडून होता. त्याची काच तडकली होती, पण कॅमेरा ठणठणीत होता. त्याच्या दुकानातल्या शिलाईवाल्या ताईंनी दोन्ही फोनांत कसलंसं ॲप टाकून दिलं होतं. आता जुन्या फोनने घर बघायचं आणि नव्याने ते दुकानात दाखवायचं. फळीवर फोन उभा राहीना, म्हणून त्याने मागे फोमचा तुकडा खोचला. सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरात फोमला काय तोटा?

"आपल्याकडून चोर नेणार काय?" बायको म्हणाली. "दमून आला असला बिचारा, तर बसायला चांगली खुर्ची मिळेल, एवढंच."

खुर्ची चांगली होतीच. बायकोला झटका येऊन डावी बाजू लुळी पडली, तेव्हा त्याने ती मुद्दाम तिच्यासाठी बनवली होती. बैठक जरा उंच, उठताना रेटा देता येईल असे भक्कम हात, डाव्या कोपराखाली मऊ गादी. गिऱ्हाइकाच्या कामात त्याने कधी इतका जीव ओतला नव्हता.

झटक्यानंतर लेक येऊन राहून गेली होती आणि जाताना स्पष्ट बोलून गेली होती. आईला असं दिवसभर एकटं ठेवणं बरोबर नाही, मी तिला माझ्याकडे नेते. लेकीचं गाव लांब आणि घर लहान, तिथे आणखी एकच माणूस कसंबसं मावलं असतं. म्हणजे बायको तिकडे आणि तो इकडे. बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती की मला माझ्या घरात राहायचंय. त्याने लेकीकडून थोडी मुदत मागून घेतली. मी लक्ष ठेवतो, म्हणाला. लक्ष ठेवायचं म्हणून हा फोन.

पहिल्या दिवशी त्याला फार बरं वाटलं. हातातलं काम झालं की तो फोन उघडायचा, आणि बायको खुर्चीत असायची. दुसऱ्या दिवशीही असायची. मग मात्र तो हातातलं काम अर्धवट टाकूनही बघायला लागला. सकाळी बघावं तर खुर्चीत, जेवणाच्या सुट्टीत बघावं तर खुर्चीत. केस विंचरलेले, हात मांडीवर, परक्या घरी पाहुणी आल्यासारखी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की चालत राहा, नाहीतर पाय चालणं विसरेल. आणि ही जागची हलत नव्हती.

संध्याकाळी तो विचारायचा, "आज चाललीस का?"

"चालले की थोडी."

ती खोटं बोलतेय, असं त्याला वाटायचं आणि तो मूग गिळून बसायचा. बोलणार कसा? कॅमेरा चोरांसाठी होता ना.

शेवटी एका सकाळी तो एका सोफ्याचं जुनं रेक्झिन फाडता फाडता ताईंना म्हणाला, की लेकीचंच बरोबर आहे. बायकोने हाय खाल्लीय. इथे नुसती बसून ती पांगळी व्हायची. आज जेवणाच्या सुट्टीत लेकीला फोन करतो, घेऊन जा म्हणतो.

"वहिनींना विचारलंत का, दादा?" ताईंनी मशीन थांबवून विचारलं.

"विचारायचं काय त्यात? रोज बघतोय की मी."

सुट्टी झाली. लेकीला फोन लावण्याआधी एकदा बायकोला बघून घ्यावं म्हणून त्याने ॲप उघडलं. खुर्ची रिकामी होती.

बाथरूमला गेली असेल, असं म्हणून त्याने डबा उघडला. पुन्हा बघितलं. खुर्ची रिकामीच. त्याने तिला फोन लावला, तर तो तिथेच, खुर्चीच्या हातावर वाजताना दिसला. शेजारीण नेमकी बाहेर गेली होती. डबा तसाच टाकून त्याने स्कूटर काढली. ताईंनी मागून काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. वाटेत नाही नाही ते मनात आलं. बाथरूमची ओली फरशी आली, पाय मुडपून पडलेली बायको आली, आणि लेकीचं न बोलता बघणंही आलं.

दार ढकलून तो सरळ बाथरूमकडे धावला. तिथे कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातही कोणी नव्हतं. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीचं दार मात्र सताड उघडं होतं. बायको तिथे कठड्याला कंबर टेकून उभी होती आणि एका हाताने त्याचे मोजे वाळत घालत होती.

"तुम्ही? इतक्यात कसे आलात?"

धापा टाकत तो म्हणाला, "खुर्ची रिकामी दिसली."

"मग? चोर दिसला का?"

तो उंबऱ्यावरच मटकन बसला. आधी हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. इतकं हायसं त्याला झटक्यानंतर ती शुद्धीवर आली, तेव्हाच वाटलं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चोरांची थाप तिने पहिल्याच दिवशी ओळखली होती. त्याची स्कूटर गेली की ती उठायची, भिंत धरून आतल्या बोळात चालायची आणि तो दुकानात पोचायच्या आत खुर्चीत येऊन बसायची. आज मात्र मोजे वाळत घालायला ती दुपारी पुन्हा उठली आणि पहिल्यांदाच गॅलरीपर्यंत पोचली. तिथे छान ऊन होतं, तेव्हा कॅमेऱ्याचं भानच राहिलं नाही.

"पण बसून का राहायचीस दिवसभर?"

"मी बसलेली दिसले की तुम्हाला घोर नाही लागणार, म्हणून. तुमच्या हातात सुरी असते. मी अडखळताना दिसले असते, तर बोट कापून घेतलं असतंत." ती थांबली. "खुर्ची छान आहे हो. पण कंटाळा आला बसून बसून."

"मला वाटलं, तू हात टेकलेस," तो म्हणाला. "आज लेकीला फोन करणार होतो. घेऊन जा म्हणून."

दोरीवरचा मोजा बायकोने उगाचच सरळ केला. मग तो उठल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली आणि तिथे तिने हात काढून घेतला.

"तो फोन चोरांसाठी आहे ना? मग त्याचं तोंड दाराकडे करा."

त्याने स्टूल ओढलं आणि फोन दाराकडे वळवला.

तो खाली उतरेपर्यंत तिने स्वतःच लेकीला फोन लावला होता. आज मी गॅलरीत जाऊन आले, म्हणाली. मी कुठेही येणार नाही, हेही म्हणाली, आणि ते सांगताना तिचा आवाज जराही चढला नाही. पलीकडून लेक खूप काही विचारत होती. खुर्ची हाताच्या अंतरावर होती, पण बायको खिडकीची चौकट धरून उभ्यानेच बोलत राहिली. तिचा डावा पाय थरथरत होता. तो खुर्ची पुढे सरकवायला गेला, मग नुसताच तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.