वाकडं पातं

मी सायकलकोळपं बोलतोय. इंदापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या सभागृहात, भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर टांगलेला. अंगाला सोनेरी रंग, गळ्यात वाळलेला झेंडू आणि पोटावर लाल अक्षरांत, 'आफ्रिकेतील बंधुभगिनींस सप्रेम भेट'. आता आफ्रिकेला दिलेली भेट इंदापुरात भिंतीवर काय करते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही माझ्या बाजूचे. बसा. सांगतो.

माझा जन्म बारामतीत, मोहनरावांच्या औजारांच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पुढचं चाक आणि हँडल काटेवाडीच्या एका दूधवाल्याच्या सायकलीचं. त्यानं मोटारसायकल घेतली आणि सायकल भंगारात आली. मोहनरावांनी तिला पट्टी जोडली, पट्टीला खाली पातं बसवलं, झालं. पिकाच्या दोन ओळींमधून ढकलत न्यायचं, पातं मातीत सरकतं, तण मुळातून कापलं जातं. खुरप्यानं दिवसभर वाकून जे काम होतं ते माझ्याबरोबर ताठ उभं राहून होतं. एवढीच माझी विद्या.

मोहनराव म्हणायचे, "सायकल मेली की तिचं कोळपं हुतं. मानूस मेला की त्येचं काय हुतं ते चर्चच्या मंडळीवाल्यांना इचारा, आपला धंदा सायकलीपुरता."

दुकानात वाढल्यामुळं माणसं ओळखायची सवय मला तिथंच लागली. लोणी भापकरचे आप्पासाहेब घ्या. फवारणीचा नवा पंप नेला आणि बैठकीत खुंटीला अडकवला. वर्षानं मोहनराव त्यांच्या घरी जेवायला गेले, तर पंप प्लास्टिकच्या पिशवीसकट तिथंच. विचारलं, तर आप्पासाहेब म्हणाले, "वापरला तर खराब हुईल की!" हा किस्सा मोहनराव प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे आणि आम्ही औजारं खोखो हसायचो. आप्पासाहेबांची खुंटी आपल्याच नशिबी येणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

एक दिवस दुकानात सुवार्ता आली. ही इंदापूरची नर्स. मिशनच्या दवाखान्यात काम करायला मलावीला गेली ती बरीच वर्षं तिकडंच रमली. आफ्रिकेत आहे हा देश, मोठ्या सरोवराच्या कडेनं लांबच लांब पसरलेला. सुवार्ताबरोबर तिथली एनेलेसी होती. उंच बाई, कमरेला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं, बोलणं हळू पण नजर थेट मालावर. तिच्या गावच्या चर्चच्या मंडळीतर्फे ती बायकांचा शेतीगट चालवायची. गटातल्या निम्म्या बायका म्हाताऱ्या. मक्याला पाऊस लागला की तण बाईच्या गुडघ्याला आणि बाई तणापुढं दुमडलेली, आखूड दांड्याच्या कुदळीनं खणत. कंबर मोडली की रान मोडलं आणि रान मोडलं की घरात पीठ नाही. या बायकांना वाकायला लागू नये एवढ्यासाठी ती समुद्र ओलांडून आली होती.

तिनं मला दोन फेऱ्या ढकलून बघितलं. मोहनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. "किती नग बांधू?"

सुवार्तानं तिचं उत्तर मराठीत सांगितलं. "ती म्हणते, एकही नको. आमच्या गावात लोहार आहे, मोडक्या सायकली ढिगानं आहेत. कसं करायचं ते शिकवा आणि एक नमुना द्या."

मोहनराव मोठ्यानं हसले. "माज्या धंद्याच्या मुळावर आल्यालं गिऱ्हाईक पयल्यांदाच बगितलं! च्या घ्या, बाई. तुमच्यासारखी रोज आली तर मी बुडालो, पन रोज कुठं येत्यात? शिकवतो."

अडचण एकच होती. एनेलेसीच्या मुलखात मका सपाट रानात नसतो, मातीच्या उंच वरंब्यांवर असतो. माझं सरळ पातं वरंब्याचा खांदाच छाटून टाकणार, मुळं उघडी पडणार, पुढच्या पावसात वरंबा वाहून जाणार. ती हातांनी वरंब्याचा आकार दाखवायला लागली तसे मोहनराव म्हणाले, "मंजी आमच्या उसाच्या सरीवानी! मग पातं वाकवाय पायजे. चाक सरीतनं पळंल आन पातं वरंब्याच्या अंगानं चढंल."

भट्टी पेटली. पातं लाल झालं, घणाखाली वाकलं. काटेवाडीत वरंब्यावरच्या मक्यात मला नेलं. पहिल्या खेपेला मी फार खोल रुतलो. परत भट्टी. दुसऱ्या खेपेला वरवरच घसरलो. परत भट्टी. हा बाक डोक्यातून येत नाही, रानात ढकलून बघावं लागतं, ढकलणाऱ्याच्या उंचीला जुळवावं लागतं. शेवटी एकदा पातं वरंब्याच्या खांद्यावरून असं सरकलं, जसा दाढीवरून वस्तरा. तण खाली, वरंबा जागच्या जागी. एनेलेसी ओळीच्या टोकापर्यंत ताठ मानेनं चालत गेली, परत आली, आणि माझ्या हँडलवर हात ठेवून म्हणाली, "झिकोमो."

"म्हंजी?" मोहनरावांनी विचारलं.

"धन्यवाद म्हणते," सुवार्ता म्हणाली.

"कुनाला?"

"तुम्हाला नाही, कोळप्याला."

औजाराला आजवर शिव्या खूप मिळाल्या, धन्यवाद पहिल्यांदाच. तिथंच ठरलं, हे वाकडं पातं नमुना म्हणून ती घेऊन जाणार.

आणि मग शांतवनराव आले.

इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, उगाच कशाला पाप घेऊ. मोठ्या मनाचा, पण त्याहून मोठ्या बॅनरचा. आफ्रिकेची पाहुणी आलीय म्हटल्यावर त्यांचा सत्काराचा मोसमच सुरू झाला. आज महिला मंडळ, उद्या शाळा, परवा कुणाच्या तरी नव्या बंगल्याची प्रार्थना. रोज सकाळी कमिटीची गाडी दारात आणि एनेलेसी भट्टीपाशी असायची ती स्टेजवर. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. नारळ घेऊन ती सुवार्ताला विचारायची, "आज तरी शेडमध्ये जायचं का?" आणि सुवार्ता मान खाली घालायची.

बायका विचारायच्या, "तुमच्याकडं वाघसिंव्ह अंगनात येत्यात का वो?" एकीनं तर न विचारता तिच्या केसांना हात लावून बघितला. एकदा तिला पळसदेवला नेलं, उजनी धरणाचा फुगवटा दाखवायला. शांतवनराव हात पसरून म्हणाले, "बघा ताई, पाणी! तुमच्या बिचाऱ्यांना असं कुठलं बघायला मिळायला!" सरोवराच्या काठी जन्मलेली ती बाई हसली आणि कोळ्याच्या टोपलीतला मासा उचलून म्हणाली, "ह्याचा भाऊ माझ्या घराच्या मागं पोहतो." कमिटीला ते काही आवडलं नाही. बिचाऱ्यांना पाणी नसतं, असं कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापून झालं होतं.

मग एकदा एनेलेसी आणि सुवार्ताला घेऊन शांतवनराव शेडमध्ये आले. माझ्याकडं बघून नाक मुरडलं. "मोहनराव, हे वाकडं कशाला? वाकडी वस्तू पाठवली तर बारामती-इंदापूरचं नाव काय राहील? सरळ पात्यांची नवी कोरी करा. कंटेनर भरून पाठवू."

"सरळ पातं आमचे वरंबे कापेल," एनेलेसी म्हणाली.

"ताई, आधी निरोपाचा कार्यक्रम होऊ द्या, मग बोलू." आणि कार्यक्रमाला ठेवायला म्हणून मला उचललं, टेम्पोत घातलं, रंगाऱ्याकडं दिलं. रंगाऱ्यानं पात्यासकट सोनेरी करून टाकलं. मातीत चालायचं पातं, त्याला सोनेरी रंग! नवरीला मेंदी लावावी तसं कुणी नांगराला पावडर लावतं का?

मोहनराव म्हणाले, "बाई, दुसरं वाकवून देतो." पण ढकलून बघायला बाई कुठाय? ती स्टेजवर.

निरोपाच्या दिवशी ह्याच सभागृहात लाल गालिचा अंथरला. जेवणं झाली की गाडी तिला मुंबईच्या विमानाला नेणार होती. मला गालिच्यावर उभं केलं आणि एनेलेसीला सांगितलं, ढकला. गालिच्यावर! मग फोटोग्राफर पुढं आला.

"ताई, थोडं वाका. अजून जरा. चेहरा असा हसरा नको, दमल्यासारखा करा. भूक लागल्यासारखा. देणगीदारांना पोचलं पाहिजे ना."

सुवार्तानं ते वाक्य सांगितलंच नाही. पण फोटोग्राफरनं स्वतःच वाकून, गाल आत ओढून करून दाखवलं. एनेलेसीला कळलं. तिनं माझं हँडल घट्ट धरलं आणि ती ताठ उभी राहिली. 

पहिल्या रांगेतून आवाज आला, "अय फोटोवाल्या! वाकायला लागू न्हाय म्हनून तर ते यंत्र हाय. तिला कशाला वाकीवतोस? तूच वाक."

सारजाबाई. शांतवनरावांच्या मातोश्री. सभागृह हसलं, शांतवनराव घामाघूम झाले आणि घाईघाईनं माइकवर म्हणाले, "हेच कोळपं आठवण म्हणून ह्या भिंतीवर कायम राहील!" टाळ्या.

एनेलेसी सुवार्ताला घेऊन त्यांच्यापाशी गेली. "मला त्याचं पातं न्यायचं आहे."

"ताई, भेटवस्तू अशी मोडायची नसते. अपशकुन होतो. कंटेनर येतोय की मागनं! चला, जेवून घ्या."

सगळे पंगतीला गेले. मी गालिच्यावर एकटा. एनेलेसी माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि बोटांनी नट फिरवायला लागली. सोनेरी रंगात पहिलाच नट घट्ट बसलेला, हलेना. नखाखालून रक्त आलं तरी ती फिरवत राहिली. सुवार्ता नुसती रडत होती.

तेवढ्यात सारजाबाई काठी टेकत आल्या. "काय करतीया ही?" सुवार्तानं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी परकरातली पोर. दुधाच्या भुकटीसाटी आमाला रांगंत हुबं केलं. दूध मागनं, फोटो आदी. 'रिकामी वाटी वर धरा' म्हनले. धरली. दूध ग्वाड हुतं, देनाऱ्यांचं भलं व्हावं. पन ती वाटी अजून माज्या हातातनं खाली उतरली न्हाय गं." आणि वळून पंगतीकडं हाक मारली, "मोहनराव! जरा हिकडं या."

मोहनराव पानावरून उठून आले. एक नजर नटाकडं, एक म्हातारीकडं. खिशातून पाना काढून सारजाबाईंच्या हातात दिला आणि परत पंगतीला जाऊन शांतवनरावांच्या शेजारी बसले. "अध्यक्षसायेब, लोणी भापकरच्या आप्पासायबांच्या पंपाचा किस्सा तुमाला सांगितलाय का?" त्या दिवशी तो किस्सा जिलबी संपेपर्यंत चालला. एवढा लांब मी कधी ऐकला नव्हता.

इकडं दोन्ही नट निघाले. पातं सुटलं. खरं सांगतो, औजाराचं पातं काढणं म्हणजे जिभेविना बोलायला सांगणं. पण ते सुटताना मला दुखलं नाही. एनेलेसीनं ते सत्काराच्या शालीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलं. आठवड्याभरात मिळालेल्या सगळ्या शालींपैकी एवढीच एक कामाला आली.

संध्याकाळी मला भिंतीवर टांगलं. चार माणसं होती, शिडी होती, शांतवनराव खालून "डावीकडं, जरा डावीकडं" म्हणत होते. पातं नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही. एकाच्याही! ह्याचाच मला जास्त संताप येतो. चोरी झालेली कळायला आधी ती वस्तू कशासाठी होती ते कळावं लागतं.

पुढं कितीतरी महिन्यांनी सभागृहात एक लग्न होतं. वऱ्हाडाबरोबर आलेले ज्ञानदेव नावाचे शेतकरी वर बघून म्हणाले, "आवो, ह्येला पातं कुठाय?" आणि मग गहजब. शांतवनराव चोर शोधायला निघाले तेव्हा सारजाबाई म्हणाल्या, "मी दिलं."

"आई, भेट होती ती!"

"भेट? अरं, भेट देत्यात. तू टांगलीस."

 शांतवनरावांनी तरीही मला खाली उतरवलं नाही.

मागच्या रविवारी सुवार्ता मलावीहून सुट्टीवर आली. तिनं सांगितलं, कंटेनर पोचला. गावच्या लोहारानं सगळी सरळ पाती काढली आणि एनेलेसीच्या नमुन्यावर भट्टीत वाकवली. शांतवनरावांनी विचारलं, "फोटो पाठवलेत का?"

"फोटो नाही पाठवले," सुवार्ता म्हणाली, "आवाज पाठवलाय." तिनं मोबाईल सारजाबाईंच्या कानाशी धरला. बाकी सभागृह रिकामं होतं, म्हणून मलाही ऐकू आलं. ओल्या मातीतून पातं सरकतंय, सर्र, सर्र, मध्येच खड्याला लागून किंचित वाजतंय, आणि मागं बायका मोठ्यानं काहीतरी बोलून हसतायत. उभ्यानं हसणाऱ्या बाईचा आवाज वेगळा असतो, वाकलेलीला तेवढा दम नसतो.

तो खड्यावर वाजण्याचा आवाज माझा होता. काटेवाडीच्या रानात मी तसाच वाजायचो.

सारजाबाईंनी मोबाईल खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. पट्टीला खाली दोन भोकं आहेत, रिकामी. वाचणाऱ्यांनो, तुम्ही कुणी ह्या सभागृहात लग्नाकार्याला आलात तर माझ्याबरोबर फोटो काढू नका. मोहनरावांचा पाना अजून सारजाबाईंच्या कनवटीला आहे. शिडी कोपऱ्यात आहे. मला खाली घ्या, हा सोनेरी रंग खरवडा, त्या भोकांत पातं बसवा, सरळ चालेल, वाकडं चालेल, आणि कुणाच्या तरी तणात नेऊन सोडा.