कात्री लागल्यावरचा भाव

धाकटीच्या वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानाचा एक रिवाज होता. कापडाला एकदा कात्री लागली की भाव बदलायचा नाही. दोरा महागो, अस्तर महागो, ठरलं ते ठरलं. कापायच्या टेबलाखाली बसून ती चिंध्या आणि खडूचे तुकडे गोळा करायची, तेव्हापासून हे तिच्या कानावर पडत आलेलं. म्हणूनच परदेशातल्या कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा बापलेकीनं पहिल्या वर्षाची फी घेतली, तिला तीननं गुणलं आणि दोघं निर्धास्त झाली. फी मध्येच वाढेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

तिसऱ्या वर्षाची फी वाढल्याचा मेल आला. स्वतःची खोली सोडून तिनं मैत्रिणीच्या खोलीत पथारी टाकली. बस सोडून पायी जाऊ लागली. वाचनालयातलं काम होतंच, पण ठरावीक तासांपलीकडे काम करायला परदेशी विद्यार्थ्यांना मनाई. आता श्वास तेवढे कमी घ्यायचे राहिलेत, असं मैत्रीण म्हणाली. धाकटीही हसली.

शेवटी ती फीच्या खिडकीवर गेली. आतल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फी दर वर्षी बदलू शकते हे प्रवेशाच्या वेळीच कळवलं होतं, म्हणाल्या. फार तर दोन हप्ते करून देता येतील. पहिला आज खिडकी बंद व्हायच्या आत, नाहीतर नाव कमी होईल. पहिला हप्ता तिच्याकडे जेमतेम होता. दुसऱ्यासाठी घरी सांगणं भाग होतं, आणि घरात विकण्याजोगं होतं ते एकच. वडिलांनी वर्षानुवर्षं मनात धरून गेल्या साली घेतलेलं भरतकामाचं मशीन.

तिनं व्हरांड्यात येऊन फोन लावला. आईनं उचलला आणि शेजारणीच्या गुडघ्याची हकीकत सुरू केली. ती मध्येच तोडून तिनं बाबांना बोलवायला सांगितलं आणि ते येताच सगळं एका दमात सांगून टाकलं.



"म्हणजे कात्री लावल्यावर भाव वाढवला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नवल होतं.

तिनं घाईघाईनं सांगितलं, की वर्षभर थांबते, घरी येते, दुकानात बसते.

"आणि वर्षानं तिथली फी उतरलेली असणार, असंच ना?"

मशीनचा विषय ते आपणहून काढतील आणि आपण नको नको म्हणू, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण त्यांनी तो काढला नाही. मागायचं तर आपल्याच तोंडानं मागावं लागणार, हे तिला कळून चुकलं.

"बाबा, भरतकामाचं मशीन विकावं लागेल."

"हं."

"मी फेडीन सगळं."

"सावकाराशी बोलतेयस का? जा आता, खिडकी बंद होईल."

खिडकीशी रांग वाढली होती. तिचा नंबर आला तेव्हा, दुसरा हप्ता वेळेवर भरणार ना, असं बाईंनी विचारलं. भरणार, ती म्हणाली आणि पहिल्या हप्त्याचे पैसे आत सरकवले. पावती पुढे आली तरी, ती घेतली की मशीन विकलं गेलंच असं वाटून, तिनं हात पुढे केला नाही, आणि बाई ती पावती तशीच धरून थांबल्या.